युनिकोडमध्ये ब्रेल कसं साठवतात? मराठी लेख त्यात बदलून साइटवर टाकले तर अंध वाचकांची सोय होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बदलू नका. कारण पहिल्या प्रश्नातच आहे.

युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ब्रेलची अक्षरं नाहीत, ठिपक्यांच्या मांडण्या आहेत. १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये त्यांना २५६ जागा मिळाल्या. कागदावरच्या ब्रेलमध्ये सहा ठिपके असतात, संगणकी ब्रेलमध्ये आठ. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा सपाट, म्हणून एकूण २५६ मांडण्या. डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६ आणि तळाला ७, ८. त्यांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. उठलेल्या ठिपक्यांच्या किमतींची बेरीज १०२४० मध्ये मिळवली की चिन्हाचा क्रमांक तयार. इतकी स्वच्छ रचना युनिकोडमध्ये क्वचितच दिसते.

'मराठी' मधला म घ्या. ठिपके १, ३, ४, बेरीज १३, क्रमांक १०२५३. ठ चे ठिपके २, ४, ५, ६, बेरीज ५८, क्रमांक १०२९८. पण हाच १०२९८ इंग्रजी ब्रेलमध्ये डब्ल्यू असतो! आणि आपला काना (३, ४, ५) संक्षिप्त इंग्रजी ब्रेलमध्ये 'एआर' ही जोडी होतो. क्रमांकावरून भाषा कळतच नाही, मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून किंवा ब्रेलमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर) 'मराठी' असं वाचणार कसा?

शिवाय अक्षराला अक्षर ठेवून भागत नाही. 'पुस्तक' मधला स्त देवनागरी युनिकोडमध्ये स, हलन्त, त असा साठवतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, हलन्ताचा ठिपका (४) स च्या आधी येतो. क्ष ला देवनागरीत तीन कोड लागतात, ब्रेलमध्ये एकच चिन्ह पुरतं. हे सगळे नियम लिबलुइस या मुक्त सॉफ्टवेअरच्या तक्त्यांत असतात आणि एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर तेच वापरतात. वाचकाच्या ब्रेल डिस्प्लेवर (ठिपके उठवून दाखवणाऱ्या उपकरणावर) रूपांतर आपोआप होतं. कुणाला ऐकायचं असेल तर तोच मजकूर ऐकताही येतो, शोधताही येतो. तुम्ही ब्रेलचे ठिपके टाकलेत, तर या दोन्ही सोयी जातात.

ब्रेल शिकवणारा धडा लिहीत असाल, तर मात्र ही चिन्हं जरूर वापरा. बाकी लेख साध्या युनिकोड देवनागरीत ठेवा आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवा. तुमच्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले लेख किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील, तर मेहनत तिथे घ्या. अंध वाचक खरा अडतो तो त्या पानांवर.