मिस्त्री ओळखीचा, स्लॅब गळका

"ओळखीच्या मिस्त्रीनं काम बिघडवलं. पैसे जवळजवळ सगळे देऊन झालेत आणि आता तो फोनच उचलत नाही. भांडावं की सोडून द्यावं?" पावसाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मी कौटुंबिक समुपदेशन करते, त्यामुळे तो सरळ येत नाही, नवरा-बायकोच्या भांडणातून येतो.

सांगलीवाडीचं एक जोडपं असंच आलं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. २०१९ आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर सामान तरी वर नेता यावं, म्हणून निवृत्तीच्या पैशातून त्यांनी वर दोन खोल्या चढवल्या. मिस्त्री काकूंच्या नणंदेच्या गावचा. साहित्य घरमालकाचं, मजुरी चौरस फुटावर, लेखी काही नाही. दर बाजारच्या दिवशी उचल देता देता पंधरा हजार सोडून सगळी मजुरी गेली. आणि पहिल्याच मोठ्या पावसात स्लॅब गळायला लागला.

काकू म्हणाल्या, "हे रात्री उठून बॅटरी लावून छताकडं बघत बसतात. मी काही बोलले की अंगावर येतात." काकांची तक्रार वेगळी. "ही उठता-बसता माझ्या बहिणीला बोल लावते." मिस्त्रीला मात्र दोघांपैकी कुणीही धड काही बोललेलं नव्हतं. काकांनी एकदा फोनवर "फसवलंस तू आम्हाला" असं सुनावलं होतं, तेव्हापासून फोन बंद.

मी काकांना विचारलं, "पाणी नेमकं कुठून येतंय?"

"स्लॅबमधून."

"स्लॅबच्या कुठल्या भागातून?"

हे त्यांना सांगता येईना. इतक्या रात्री जागून काढल्या, पण वर गच्चीवर जाऊन नीट बघणं झालंच नव्हतं. माणूस दुखावला की असंच होतं. मनात मिस्त्रीचा चेहरा फिरत राहतो आणि गळती बाजूलाच पडते. म्हणून मी त्या दिवशी राग, नातं, विश्वासघात यातलं काहीच पुढे नेलं नाही. आठवडाभर मिस्त्रीला फोन करायचा नाही, नणंदेचं नाव घरात काढायचं नाही आणि दोघांनी मिळून एक काम करायचं, एवढंच सांगितलं.

काम असं. छतावरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची, फोटो काढायचा. ओल वाढली की नवी रेघ. मग उघडीप मिळाली की गच्चीतल्या पाइपच्या तोंडाला कापडाचा घट्ट बोळा बसवून इंचभर पाणी उभं करायचं आणि दोन दिवस खाली लक्ष ठेवायचं. गच्चीची ही चाचणी जुनी आहे, तिला खर्च नाही आणि मिस्त्रीलाही ती नाकारता येत नाही.

पुढच्या भेटीत काका वही घेऊन आले. पाइप होता पूर्वेच्या कोपऱ्यात आणि पाणी साचत होतं पश्चिमेच्या कठड्याला. कोब्याचा, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराचा, ढाळच उलटा. तिथं कठडा आणि कोबा जुळतात ती गोलाई सुटली होती, करंगळीचं टोक जाईल एवढी फट. बरोबर तिच्या खालीच छतावर ओल. काका हे सांगत असताना काकू मधेमधे भर घालत होत्या, "रेघा मीच मारल्यात." त्या खोलीत एकमेकांना दोष न देता झालेलं त्यांचं ते पहिलं बोलणं.

मग आम्ही मिस्त्रीशी बोलण्याची तालीम केली. "फसवलंस" हा शब्द वगळला. "मिस्त्री, पाणी पश्चिमेच्या कठड्याला उभं राहतंय. एकदा वर येऊन बघा. काय करायचं ते तिथंच ठरवू." तो म्हणणार, सिमेंट तुम्हीच आणलेलं. साहित्य मालकाचं असलं की हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर काकांनी एवढंच म्हणायचं, "सिमेंट माझं, ढाळ तुमचा." आणि ओळखीच्या एका इंजिनिअरकडून पाहणीचा सहीचा कागद घेऊन ठेवायचा. दुसरा मिस्त्री लावून कोबा फोडायची काकांना घाई झाली होती. ती मी थांबवली. फोटो, पाहणी आणि लेखी कळवणं होण्याआधी काम उकरलं की आधी काय होतं ते कुणालाच दाखवता येत नाही.

शेवटचे पंधरा हजार गुपचूप दाबून ठेवू नयेत असंही मी सुचवलं. "ढाळ दुरुस्त झाला की त्याच दिवशी उरलेले पैसे देतो," असं व्हॉट्सॲपवर स्वच्छ लिहायचं आणि तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवायचं. कारण न सांगता पैसे अडवले की गावभर मिस्त्रीच सांगत फिरतो, माझी मजुरी बुडवली.

काकांना पोलिसांत जायचं होतं. नुसत्या खराब कामाला तिथं बहुधा "दिवाणी बाब आहे" हेच ऐकायला मिळतं. यासाठी जागा आहे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट घातलेली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारूनही घेता येतं. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. उद्या येतो, परवा येतो म्हणणाऱ्या मिस्त्रीची वाट बघण्यात ती बघता बघता सरते. लेखी करार नसला तरी हातपाय गाळू नयेत. फोन-पेच्या नोंदी, वहीतल्या उचलीच्या तारखा, साहित्याच्या पावत्या, मेसेज, यावर बरंच काही उभं राहतं.

त्यांना आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पत्र मिळाल्यावर मिस्त्री आला. तीन कामं एकदम अंगावर घेतली होती आणि कोब्याला दुसरीच पोरं लावली होती, हे त्यानं कठड्याशी उभं राहूनच कबूल केलं. मजुरी त्याची, साहित्य निम्मं निम्मं, असं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. कोबा फोडून नव्यानं झाला, त्यावर आठवडाभर पाणी मारलं गेलं, पाणी तुंबवून पुन्हा चाचणी झाली, मगच काकांनी पंधरा हजार दिले. आतल्या गिलाव्याच्या भेगा भरायला मात्र तो परत आला नाही. त्या काकांनी पदरचे पैसे घालून भरून घेतल्या. तेवढ्यासाठी पुन्हा भांडायचं नाही, हे त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं आणि मला ते योग्य वाटलं.

काकांना आता झोप लागते. नणंदेच्या घरचं येणं-जाणं मात्र अजून बंद आहे. त्यासाठी पुढच्या आठवड्यात काका-काकू परत येणार आहेत, आणि या वेळी नणंदेलाही बोलावलं आहे.