आयोडीनचा अणुभार १२७ की २५४?

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, हिंदी मीडियम. आजोबांच्या कपाटातलं रसायनशास्त्राचं मराठी पुस्तक काढून बसली तर त्यात आयोडीनचा अणुभार १२७, आणि वहीत सरांनी लिहून दिलेला अणुभार २५४. मोलरता (द्रावणात पदार्थ किती आहे ते सांगणारं माप) काढली तर एक उत्तर दुसऱ्याच्या दुप्पट. मग पुस्तक चुकलं की सर? आणि संहती म्हणजेच सांद्रता का?

ताई, दोघंही बरोबर आहेत. घोळ शब्दाचा आहे आणि आपल्यासारख्या घरी मराठी न् शाळेत हिंदी वाल्यांच्याच वाट्याला येतो तो, पुण्यातल्या पोरांना याचा पत्ताही नसतो.

मराठीत ॲटमला अणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. म्हणजे जो शब्द आपण लहान्याला दिला तोच त्यांनी मोठ्याला दिला! आपण अणुऊर्जा म्हणतो, हिंदी पेपरात परमाणु ऊर्जा छापून येतं, ते यामुळेच. संस्कृतात अणू म्हणजे नुसतं बारीक, सूक्ष्म, आणि परमाणू म्हणजे त्याहूनही बारीक, ज्याचे पुढे तुकडे होत नाहीत तो, त्यामुळे खरं सांगायचं तर इथे हिंदीवाले मुळाला जास्त धरून आहेत. पण रेणू (म्हणजे धुळीचा कण, चरणरेणू मधला) हा शब्द मला फार गोड वाटतो, तो मी सोडणार नाही.

आता गणित. आयोडीनच्या एका रेणूत दोन अणू. मराठी अणुभार म्हणजे एकाचा, १२७. हिंदी अणुभार म्हणजे अख्ख्या जोडीचा, २५४, ज्याला मराठीत रेणुभार म्हणायचं. समजा १२.७ ग्रॅम आयोडीन घेतलं, पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात विरघळवलं (नुसत्या पाण्यात ते फारसं विरघळत नाही) आणि वरून पाणी घालून एकूण द्रावण एक लिटर केलं. लक्षात घ्या, एक लिटर पाणी ओतायचं नाहीये, सगळं मिळून एक लिटर करायचंय. रेणुभार जितका तितके ग्रॅम पदार्थ म्हणजे एक मोल, म्हणून इथे मोल झाले १२.७ भागिले २५४, ०.०५. म्हणून द्रावण ०.०५ मोलर. मुलीनं आजोबांच्या पुस्तकातला १२७ घेतला म्हणून ०.१ आलं. मात्र बाटलीवर ०.१ नॉर्मल असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, नॉर्मल हे वेगळं माप आहे आणि आयोडीनसाठी तिथे १२७ च धरतात.

संहती आणि सांद्रता, हो, एकच. ठरावीक द्रावणात पदार्थ किती कोंबलाय ते. मराठी पुस्तकात संहत आणि विरल आम्ल, हिंदीत सांद्र आणि तनु. सांद्र शब्द मराठीतही आहे पण दाट, घन अशा अर्थानं, म्हणून सांद्र म्हटलं की मला आपल्या सराफ्यातल्या (रात्रीच्या खाऊबाजारातल्या) जलेब्याचा, म्हणजे मोठ्या जिलबीचा, पाक आठवतो. पण दाटपणावर जाऊ नका हां, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलं पाण्यासारखं पातळ दिसतं.

बाकीचे पटकन: द्रावण म्हणजे विलयन, द्रावक म्हणजे विलायक, द्राव्य म्हणजे विलेय, आकारमान म्हणजे आयतन.

मोल चा मात्र आपल्या मोलाशी, कवडीमोलाशी काही संबंध नाही. आपलं मोल मूल्य वरून आलं, रसायनातला मोल जर्मन केमिस्ट ओस्टवाल्ड यांनी मॉलिक्यूल शब्द तोडून केला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

आणि मुलगी पुढे मोलर-मोलल मध्ये अडकणारच, तेव्हा तिला सांगा, मोलर मध्ये र, लिटर मध्ये र: एक लिटर द्रावणात किती मोल. मोलल मध्ये ल, किलो मध्ये ल: एक किलो द्रावकात किती मोल. सध्या तरी पेन्सिलीनं आजोबांच्या पुस्तकात अणुभार च्या शेजारी "परमाणु भार" लिहून टाकू दे, आजोबा रागावणार नाहीत.