पॉइंटवाली चेतक: प्लेट फिरवण्याआधी

जुन्या बजाज चेतक स्कूटरला किक मारताना उलटा झटका बसतोय म्हणजे टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) बहुधा ॲडव्हान्स, म्हणजे गरजेपेक्षा लवकर आहे. पण लगेच प्लेटला (जिच्यावर पॉइंट बसतात) हात घालू नका. आधी प्लग साफ करून गॅप ०.६ मिमी ठेवा आणि पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) बघा. मुंबईच्या दमट हवेत ते काळे पडतात. पावसाळ्यात टायमिंगचा वाटणारा दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप साधारण ०.४ मिमी लावा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. नवखे नेमकं उलटं करतात आणि दिवसभर गोल फिरत बसतात.

नंतरही गरज वाटली तरच:

- मॅग्नेट, म्हणजे प्लेटवर फिरणारं चुंबकाचं चाक, पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढा. हातोडी मारलीत तर क्रँक गेला. मॅग्नेटला क्रँकवर जागेवर धरणारी अर्धचंद्र चावी कापली गेली नाही ना, तेही बघा. ती सरकली असेल तर सगळी मापं फुकट.
- प्लेटच्या मूळ जागेवर खूण कोरा. घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स, घड्याळाच्या दिशेने रिटार्ड (ठिणगी उशिरा). एका वेळी एखादा मिमीच.

फ्लायओव्हर चढताना इंजिन टणटणलं तर टायमिंग थोडं मागे (रिटार्ड) घ्या, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. डिग्री डिस्क, डायल गेज ही टायमिंग अचूक मोजायची साधनं सध्या राहू द्या.