फी इतकी कमी, मग दर्जाचं काय?

"मॅडम, जिथे फी नाही तिथे शिक्षण तरी असेल का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाबांनी विचारलं. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. तिने एक विषय कॉलेजात न घेता 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरून घेतला होता, संभाव्यतेचा, बारा आठवड्यांचा. बाबांना वाटत होतं की कॉलेजने आपली जबाबदारी झटकली. गुणपत्रिकेवर हा विषय दिसला की पुढे एम.एस्सी.ला किंवा नोकरीत कुणी त्याला किंमत देणार नाही, ही त्यांची खरी भीती. (दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर सत्राच्या सुरुवातीला येतो. म्हणून मी नेहमीचं उत्तर दिलं. हे अभ्यासक्रम कुठल्या तरी दुकानदाराचे नाहीत. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ, २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्यावरचे तिच्यासारखे बरेच कोर्स एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससी या संस्थांच्या प्राध्यापकांचे. एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात, ही तरतूद यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांत आहे; २०१६ मध्ये ती २० टक्के होती. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचं तर साधारण हजार रुपये. व्याख्यानं एकदा चित्रित झाली की पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि खर्च सरकार उचलतं, म्हणून फी कमी. प्राध्यापक हलका आहे म्हणून नाही.

बाबांनी ऐकून घेतलं, पण चेहरा काही सैल झाला नाही. "ते ठीक आहे मॅडम. पण हिला येतंय का?"

खरं तर हाच प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. संस्थेचं नाव सांगून दर्जा सिद्ध झाला असं मी धरून चालले होते.

मुलीने मोबाइलवर गुण दाखवले. पाच आठवड्यांच्या असाइनमेंट झाल्या होत्या. चारमध्ये शंभर, एकीत नव्वद. समुपदेशनाकडे वळायच्या आधी मी काही वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे हात शिवशिवले. तिला कोरा कागद दिला आणि प्रश्न घातला: एक आजार शंभरात एकाला असतो. तो असेल तर रक्तचाचणी ९९ टक्के वेळा पकडते. नसेल तरी ५ टक्के वेळा चुकून 'आहे' म्हणते. तुझी चाचणी 'आहे' आली, तर तुला तो आजार खरंच असण्याची शक्यता किती?

"नव्याण्णव टक्के," ती लगेच म्हणाली. आणि मग तिच्याच लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. हा प्रश्न, वेगळे आकडे घालून, तिच्या तिसऱ्या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये होता आणि तिथे तिचं उत्तर बरोबर होतं. कसं, हे तिने स्वतःच सांगितलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर उत्तरं येतात. जुन्या वर्षीची असतात, पण बरेच प्रश्न तेच. व्हिडिओ चालू असतो, शेजारी दुसरं काम चालू असतं, रविवारी रात्री उत्तरं टिकमार्क होतात.

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं आता रागावतील, पण ते कागदाकडे बघत राहिले. मग मी तिच्याकडूनच सोडवून घेतलं. दहा हजार माणसं धर. आजारी किती? शंभर. त्यातले पकडले गेले ९९. निरोगी ९,९००, त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४९५ जणांना उगाचच 'आहे' सांगितलं. 'आहे' आलेले एकूण ५९४, त्यातले खरे आजारी ९९. सहात एक. तिने भागाकार दोनदा केला. "इतकं कमी?" हे ती पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली.

कोर्समध्ये खोट नव्हती. त्या आठवड्याचं व्याख्यान मी नंतर स्वतः पाहिलं. प्राध्यापकांनी हीच गोष्ट झाडासारखी आकृती काढून नीट उलगडली होती. पण वर्गात बसलेल्या मुलीचा गोंधळलेला चेहरा शिक्षकाला दिसतो, इथे तो कुणालाच दिसत नाही. चर्चामंचावर विचारलं तर उत्तर मिळतं, पण विचारायला आधी आपल्याला कळलं नाही हे कळावं लागतं. या कोर्सची हीच कमकुवत बाजू आहे, आणि पालकांपासून ती लपवू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याच वेळी एक गोष्ट बाबांना दिलासा देणारी होती. असाइनमेंटना फक्त २५ गुण, उरलेले ७५ परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर संगणकावर द्यायच्या परीक्षेला. तिथे ७५ पैकी ३० आणि असाइनमेंटचे २५ पैकी १० मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. ग्रुपवरची उत्तरं त्या खोलीत पोचत नाहीत. एखाद्या स्वस्त कोर्सचा दर्जा पाहायचा झाला तर मी सगळ्यात आधी हेच बघते: परीक्षा कुठे आणि कोणासमोर होते. घरी बसून, हव्या तितक्या वेळा देता येणाऱ्या चाचणीवर क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळत असतील तर मी सावध होते, मग शिकवणारा कितीही मोठा असो.

मग बघते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट. पहिला आठवडा सगळ्यांचाच छान असतो. प्रश्न नुसत्या व्याख्या विचारतात की काही करायला लावतात, हे तिथे कळतं. सगळे कोर्स सारखे नाहीत; काहींत स्लाइडवरचं वाचून दाखवण्यापलीकडे फारसं काही नसतं. प्रयोगशाळेचा विषय असेल तर मी बहुधा नकोच म्हणते.

क्रेडिटचा हिशेबही आधीच करावा. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सला सहसा तीन क्रेडिट मिळतात आणि कॉलेजचा पेपर चारचा असला तर एक लोंबकळत राहतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं प्रमाणपत्र त्याच्या कॉलेजने नाकारलं, कारण तो विषय त्यांच्या मंजूर यादीत नव्हता. अख्खं सत्र वाया गेलं त्याचं. नाव नोंदवायच्या आधी कॉलेजच्या समन्वयकाकडून लेखी होकार घ्या, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

मुलीसाठी उपाय साधा होता, पण सोपा नव्हता. ग्रुप बंद. मागचे तीन आठवडे पुन्हा, वही उघडी ठेवून, व्हिडिओ थांबवत. असाइनमेंट आधी कागदावर, मग पडद्यावर. आणि दर शनिवारी एक प्रश्न बाबांना समजावून सांगायचा. बाबांचं शिक्षण दहावीपर्यंत, त्यामुळे तिला शब्दांच्या मागे लपता येणार नव्हतं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात तिचे असाइनमेंटचे गुण घसरले, साठ-सत्तरवर आले. ती घाबरून फोन करायची. मी तिला म्हणायचे, हे तुझे पहिले खरे गुण आहेत. परीक्षेत ७५ पैकी ४१ मिळाले.

पुढच्या सत्रात ती एकटीच आली, नवा कोर्स निवडायला. निवडलेल्या दोनपैकी एक तिने आधीच बाद केला होता. तिसऱ्या आठवड्याचे सगळे प्रश्न पाठांतराचे आहेत म्हणाली. निघताना तिने बाबांचा निरोप दिला. रक्तचाचणीचा तो प्रश्न त्यांनी कामावरच्या सगळ्यांना घातला होता, आणि सगळे नव्याण्णवच म्हणाले होते.