बाळाला धुरी दिल्याने फुप्फुसांना खरंच त्रास होतो का?

तुमची बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ बारा दिवसांचं आहे आणि आई रोज आंघोळीनंतर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकून बाळाला धुरी देते. तुम्ही नको म्हटलं की "तुम्हा सगळ्यांना दिली, काय झालं तुम्हाला?" असं विचारते. म्हणून तुम्हाला जाणून घ्यायचंय की या धुराने बाळाच्या फुप्फुसांना खरंच काही होतं का.

होतं. धुरी आजपासूनच थांबवा. मी २१ वर्षं उपकेंद्रात नर्स आहे, आमचा सगळा भाग डोंगराळ, त्यामुळे बाळंतिणीच्या खोल्या मी शेकड्याने पाहिल्यात.

एक खोली डोळ्यांसमोरून जात नाही. माघातली थंडी. दाराला गोणपाट, खिडकीत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे. बाळ सव्वा महिन्याचं. आजीने मायेने दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. मी दुपटं सोडलं तर श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ६८ श्वास. ओल्या कापसाने नाकपुडी पुसली तर कापूस राखाडी झाला. तो कापूस मी आजींच्या तळहातावर ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून घमेलं बाहेर नेलं. बाळाला तालुक्याला हलवलं, ऑक्सिजन लावला, नऊ दिवसांनी घरी आलं.

आता कारण सांगते. बाळ जन्मतं तेव्हा त्याची बोटं, नखं, सगळं पुरं झालेलं असतं, पण फुप्फुसं पुरी झालेली नसतात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत ३० कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त वायुकोश असतात. नवजात बाळाकडे त्यातला थोडाच हिस्सा असतो, बाकीचे पुढच्या दोन-तीन वर्षांत भराभर तयार होतात. म्हणजे ज्या दिवसांत आपण धुरी देतो, नेमक्या त्याच दिवसांत हे बांधकाम चालू असतं. त्यात बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा. वजनाच्या मानाने तेच जास्त धूर ओढतं. श्वासनळ्या इतक्या बारीक, की सुजेने आतल्या वाटेची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. नळ्यांच्या आत बारीक केस असतात, ते कफ आणि जंतू वर ढकलतात. धुराने तेच मंदावतात, मग साधं पडसं छातीत उतरायला वेळ लागत नाही. आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. बाजेखालची शेगडी म्हणूनच मला धुरीहूनही जास्त धास्तीची वाटते.

धुराचं हे पोटातच सुरू होतं. आफ्रिकेतल्या घाना देशात किंटाम्पो भागात गरोदर बायकांच्या अंगावर कार्बन मोनॉक्साइड मोजणारी यंत्रं लावली होती. ज्यांच्या श्वासात तो जास्त गेला, त्यांच्या महिन्याभराच्या बाळांच्या फुप्फुसांचं काम कमजोर दिसलं.

"आम्हाला काय झालं" याचं उत्तर इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात सापडतं. तिथे १९११ पासून नर्सबाया घरोघरी जाऊन बाळांच्या नोंदी ठेवत: वजन, दूध, आजारपण. माझ्याच कामातल्या बायका, म्हणून मला त्यांचं फार कौतुक आहे. ती बाळं साठीची झाल्यावर त्यांची फुप्फुसं तपासली. ज्या पुरुषांच्या नोंदीत पहिल्या वर्षात ब्रॉंकायटिस किंवा न्यूमोनिया लिहिलेला होता, त्यांची श्वासाची ताकद उतारवयातही कमी भरली. तो अभ्यास धुराचा नव्हता, पण तान्हेपणी छातीला बसलेला मार साठ वर्षं टिकतो, एवढं त्यातून कळतं. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीत सर्वांत जास्त असते, नंतर उतरत जाते. ज्याची शिगच कमी भरली, त्याला धाप आधी लागते. विडीला कधी हात न लावलेल्या, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना आमच्याकडे पन्नाशीत पाणवठ्याचा चढ चढवत नाही. आईला विचारा, घरात असं कोणी होतं का.

एक खरं सांगायला हवं. धूर थांबला की न्यूमोनिया संपला, असं होत नाही. ग्वाटेमालाच्या डोंगरात चुलींना धुरांडी बसवली, तर गंभीर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने घटला. पुढे भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत चुलीऐवजी गॅस देऊन पाहिलं, त्यात तान्ह्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियात म्हणावा असा फरक दिसला नाही. लसी, अंगावरचं दूध, जन्मवजन, सगळंच लागतं. पण धुरी पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट आहे, उद्या सकाळी नाही दिली की झालं.

आईशी भांडू नका. तिला बाळाला ऊब द्यायची आहे, ते बरोबरच आहे. आंघोळीनंतर लगेच कोरडं करायचं, टोपी-मोजे घालून बहिणीच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण, यासारखी ऊब शेगडीत नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बहिणीची कंबर शेकायला आईला सांगा, तिच्या हाताला कामही राहील. कापूर बाळाजवळ नको. मच्छर अगरबत्ती नको, मच्छरदाणी लावा. पाणी तापवायची चूल अंगणात असू द्या. चुलीच्या घरात झोळी आढ्याला टांगतात, तेही नको, धूर वरच साचतो.

आणि श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.