टेकडीवर एमटीबी (माउंटन बाइक) चालवायला सुरुवात करतोय. हेल्मेट कोणतं घेऊ? भावाचं मोटरसायकलचं चालेल का?

भावाचं हेल्मेट भावालाच राहू द्या. गाडीवर ते ठीक, पण तेवढं किलोभर ओझं घेऊन एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने पुण्याची वेताळ टेकडी चढायला लागलात की दहा मिनिटांत घामाने निथळाल आणि ते काढून हँडलला अडकवाल. सायकलचं हेल्मेट साधारण ३००-४०० ग्रॅमचं असतं, वर हवेला भोकं.

माझं पहिलं हेल्मेट मी ऑनलाइन सेलमध्ये घेतलं. एम संपलं होतं म्हणून एल मागवलं. म्हटलं, मागची डायल आवळली की बसेल. दुसऱ्याच महिन्यात खाणीकडच्या उतारावर मुरमात पुढचं चाक घसरलं आणि मी तोंडावर आपटलो. हेल्मेट सरकून मानेवर गेलं होतं. कपाळाला चार टाके पडले, हेल्मेटवर ओरखडासुद्धा नाही! म्हणून ब्रँड नंतर, आधी माप.

शिंप्याची टेप घ्या, नाहीतर सुतळी आणि पट्टी. भुवयांच्या वर इंचभर, कानांवरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून घेर मोजा. एम म्हणजे बहुतेक ५५ ते ५९ सेंमी, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो बघाच. तुमचा आकडा दोन साइझच्या सीमेवर असेल तर दोन्ही घालून बघा.

आकडा जुळला तरी आकार जुळेलच असं नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळाला आणि मागे रुततं, कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी फट राहते. दुकानात घालून पंधरा मिनिटं तसेच फिरा, दुकानदार बघेना का. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला तर ते तुमचं नाही. दोन तासांच्या राइडमध्ये तिथेच ठणकणार.

आता पट्टा न लावता, फक्त डायल आवळून मान खाली घाला आणि डोकं हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नको. बऱ्याच जणांच्या हेल्मेटची कड टिळा दाखवायला घातल्यासारखी पार केसांपर्यंत चढलेली असते. पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली जुळवा. हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतपतच ढील ठेवा आणि मोठी जांभई द्या. हेल्मेट खाली ओढल्यासारखं वाटलं तर पट्टा बरोबर आहे.

रोडबाइकचं हेल्मेट घेऊ नका, असं मी सांगेन. एमटीबीचं मागे जास्त खाली येतं, आणि उतारावर माणूस मागेही पडतो. पुढच्या टोपीसारख्या व्हायझरचा उपयोग उन्हापेक्षा गिरिपुष्पाच्या फांद्यांना जास्त. तोंड झाकणारं फुल-फेस तुमच्या टेकडीवर चढाला नकोसं होईल. उड्या मारायला लागलात की बघू.

आतल्या स्टिकरवर सायकल हेल्मेटचं मानक शोधा: युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी. सीपीएससीच्या चाचणीत हेल्मेट २ मीटरवरून सपाट लोखंडावर आपटतात. आयएस ४१५१ हे मानक मोटरसायकलच्या हेल्मेटचं, त्यावरून सायकलचं जोखू नका. मिप्स म्हणजे आतला सरकता पातळ थर. डोकं तिरकं आपटलं तर हेल्मेट थोडं फिरू देतो, म्हणजे मेंदूला बसणारा पीळ कमी व्हावा. असलं तर उत्तमच, पण किंमत चढते. बरोबर बसणारं बिनमिप्सचं आणि सैल मिप्सवालं यांत मी डोळे मिटून पहिलं घेईन.

वापरलेलं कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. आतला थर्मोकोलसारखा फोम एकदा दबला की परत फुगत नाही, आणि वरून काही कळत नाही. तुमचंही एकदा जोरात आपटलं की बाद.

दुकानात चष्मा लावून जा, लावत असाल तर. काड्या पट्ट्यांशी भांडतात. आणि रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत आरसा मिळत नाही.