लिनक्सचा लॅपटॉप दोन दिवसांतून एकदा गोठतो, मुद्दाम घडवता येत नाही. मदत करणाऱ्यांना काय दाखवू?

आधी पुरावा टिकेल अशी सोय करा. काही ठिकाणी जर्नल, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींचा लॉग, फक्त रॅममध्ये असतं, रीबूट केलं की गेलं. /var/log/journal हे फोल्डर आहे का बघा, नसेल तर बनवून रीबूट करा. पुढच्या वेळी ‘journalctl -b -1’ या कमांडने मागच्या बूटचा लॉग मिळेल. पण मशीन पूर्ण गोठलं तर शेवटच्या, म्हणजे नेमक्या कामाच्या ओळी डिस्कवर पोचतीलच असं नाही. दुसरा संगणक असेल तर नेटकन्सोल लावा, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश नेटवर्कवरून तिकडे जातात.

गोठल्यावर लगेच पॉवर बटण दाबू नका. कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का? दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत शिरता येतं का? येत असेल तर कर्नल जिवंत आहे, संशय ग्राफिक्सवर.

‘काल सेटिंग बदललं, आज गोठला नाही, म्हणजे सुटलं’ हा निष्कर्ष सगळ्यांनाच गोत्यात आणतो. सरासरी २ दिवसांनी, कधीही येणारी चूक तशीच असली, तरी नुसत्या योगायोगाने ६ दिवस न येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. म्हणून एका वेळी एकच बदल करा, तारीख लिहून ठेवा. रॅम तपासणारा मेमटेस्टही रात्रभर चालवा.

मग कर्नलची आवृत्ती, हार्डवेअर, पूर्ण लॉग आणि ही तारखांची वही द्या. समोरचा माणूस स्वतःच्या वेळेतून, फुकट मदत करतो. लॉगचा फोटो नको, मजकूर द्या. आणि उत्तर सापडलं तर तेही त्याला नक्की कळवा.